मावशीचं तोडी रागिणीचं चित्र : जुनं की नवं, आणि किंमत कशी ठरवायची?

सांजसावली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी मावशी गेल्या कार्तिकात गेली. सांगलीला शाळेत गाणं शिकवायची, लग्न केलं नाही. घरात तंबोरा, दोन कपाटं भरून वह्या आणि बाहेरच्या खोलीत एक छोटं चित्र. हे चित्र तिने १९८७ साली शाळेतल्या बायकांबरोबर राजस्थानला गेली होती तेव्हा उदयपूरहून आणलं. साडेआठशे रुपये दिले होते त्याचे, त्यावरून आजोबा किती दिवस बोलत नव्हते हे आईने कित्येकदा सांगितलंय.

चित्र साधारण ७ बाय १० इंच. रानात एक बाई उभी आहे, खांद्यावर वीणा, आजूबाजूला चार हरणं. दोन काळवीट आणि दोन माद्या. मागे गडद हिरवी झाडी, केळी, वर आभाळात लालकेशरी पट्टा, खाली तळं आणि त्यात कमळं. पावसात फ्रेमच्या मागे बुरशी धरली म्हणून उघडली तर मागचा कागद पूर्ण लिहिलेला निघाला, काळी शाई, एक अक्षर कळत नाही. कागदाला दोन उभ्या घड्या आहेत आणि वर उजवीकडे मुगाएवढं भोक.

आता प्रश्न. दुकानदाराने मावशीला सांगितलं होतं की दोनशे वर्षांपूर्वीचं आहे, एका ठाकूर घराण्यातून आलंय. मावशीने ते आयुष्यभर खरं मानलं. गेल्या महिन्यात मी मुंबईत एका चित्रांच्या डीलरकडे घेऊन गेले तर त्यांनी हातातही न घेता सांगितलं की टुरिस्ट माल आहे, फ्रेमचे काय ते येतील. मला विकायचं नाहीये पण तिथून बाहेर पडताना खरंच रडू आलं. न्यू जर्सीचा मामेभाऊ म्हणतो मला दे, मी सांभाळीन. द्यायच्या आधी निदान काय देतोय ते तरी कळावं. फोटो खाली टाकलेत, पुढून आणि मागून.

भूपाळी

काय सुंदर आहे! वीणा आणि हरणं म्हणजे तोडी रागिणीच. मावशी गाणाऱ्या होत्या म्हणजे बघूनच घेतलं असणार.

रानवारा

मागे मोडी लिपी आहे का? तसं असेल तर मराठा सरदाराकडचं असू शकतं, राजस्थानात आपल्या लोकांचा वावर होताच. कोणी मोडीवाले असतील तर बघा प्लीज.

दौत_बोरू

मोडी नाही. पाहताक्षणी मोडीसारखी वाटते खरी, वळणं तशीच आहेत, पण मोडीत आपण आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतो आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो. इथे रेघच नाही, आणि काना मात्रा वेलांटी जवळजवळ गायब. ही मारवाडी व्यापाऱ्यांची महाजनी लिपी, मुडिया पण म्हणतात. मी मोडीवाला, महाजनी मला अडखळत येते, पण एवढं सांगतो की हे बहीचं पान आहे, म्हणजे जमाखर्चाची वही. त्या दोन उभ्या घड्या कोणी चित्र दुमडल्यामुळे पडलेल्या नाहीत. बहीत रेघा आखत नसत, कागदाला घड्या घालून रकाने पाडत, जमा एकीकडे नावे एकीकडे, त्याच या घड्या.

आकडे मात्र स्वच्छ आहेत. वरच्या कोपऱ्यात संवत १९६८ दिसतंय. ५७ वजा करा, १९११. म्हणजे कागद १९११-१२ चा. दोनशे वर्षांचा कागद नाही एवढं तर नक्की झालं.

सांजसावली

काका, खूप खूप धन्यवाद! म्हणजे चित्र पण १९११ चं आहे असं समजायचं का?

हिंगूळ

नाही, थांबा. कागदाचं वय म्हणजे चित्राचं वय नाही, या सगळ्या प्रकरणात इथेच लोक फसतात.

मी जयपूरला तीन वर्षं एका घराण्यातल्या उस्तादांकडे हे काम शिकले, आता ठाण्यात शिकवते. फोटोवरून पक्कं बोलणार नाही, आधी मला थोडी माहिती द्या. आणि सगळ्यात पहिलं म्हणजे चित्र पुसू नका, ओलं फडकं तर अजिबात लावू नका, हे डिंकात कालवलेले रंग आहेत, एका फटकाऱ्यात चेहरा जाईल.

खोलीत अंधार करा. टॉर्च चित्राच्या कडेला जवळजवळ आडवा धरा म्हणजे उजेड चित्रावरून सरपटत जाईल. मग घडीवर बघा रंग फुटलाय का, तिथून कपची निघालीय का, की रंग घडीत बसलाय. भोकाच्या आतल्या कडेला रंग आहे का बघा, आणि कागद उलटा करून भोकाभोवती काही दिसतं का. सोनं कुठे कुठे आहे आणि कुठल्या रंगाचं झालंय. तळ्यातलं पाणी कसं दिसतंय. शक्य असेल तर घड्याळजी डोळ्याला लावतात तसली १० पट मोठं दाखवणारी लूप आणा आणि बाईच्या कानशिलाजवळचे केस, तिची बोटं आणि हरणांचे कान यांचे फोटो लूपमधून मोबाईलने काढा. हात टेबलाला टेकवून.

सांजसावली

ताई, काल रात्री दोन तास हेच केलं, नवरा टॉर्च धरून बसला होता. घडीवर रंग अजिबात फुटलेला नाही, उलट घडीच्या खाचेत हिरवा जरा जास्तच गडद आहे, साचल्यासारखा. भोकाच्या आतल्या कडेला हिरवा आहे आणि मागच्या बाजूला भोकाभोवती हिरव्याची बारीक कड आलीय! सोनं दोन प्रकारचं दिसतंय, बॉर्डरचं मळकट हिरवट झालंय आणि बाईच्या नथीचं, बांगड्यांचं पिवळंधमक आहे, कागद तिरका केला की चमकतं. तळं चंदेरी आहे, छान चकाकतं. लूपचे सहा फोटो टाकलेत, दोन हलले आहेत.

हिंगूळ

फार नीट बघितलंत तुम्ही. आता सविस्तर लिहिते.

चित्र आधीचं आणि घडी नंतरची असती तर घडीवर रंगाची कपची उडाली असती, डिंकाचा रंग वाळला की कडक होतो, वाकत नाही. तुमच्याकडे रंग घडीत साचलाय, म्हणजे घडी पडलेल्या कागदावर ओला रंग लागलाय. भोकाचं तेच. कसरीने चित्र खाल्लं असतं तर भोक रंगासकट आरपार कापलेलं दिसलं असतं. तुमच्या भोकात रंग उतरून मागे पाझरलाय, म्हणजे चितारी बसला तेव्हा भोक होतंच. हे दोनच पुरावे पुरेसे आहेत. तळं चकाकतंय हेही त्याच बाजूचं. जुन्या चित्रांत पाण्याला चांदी लावत आणि चांदी काळी पडते, संग्रहालयात बघाल तर जुन्या चित्रांतली तळी काळीकुट्ट झालेली असतात. तुमच्यात बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची पावडर आहे. बॉर्डरला सोनेरी पावडर वापरलीय, ती तांब्या-जस्ताची असते म्हणून हिरवट पडली. दागिन्यांना मात्र खरं सोनं आहे, वर्ख डिंकात बोटाने घोटून घोटून केलेली शाई, ती कधी मळत नाही.

थोडक्यात, मावशींनी घेतलं त्याच्या जरा आधी केलेलं चित्र आहे, १९८० च्या आसपासचं. जुन्या बह्यांचे कागद आणि संस्थानांचे स्टॅम्पपेपर बाजारात रद्दीसारखे मिळायचे, त्यावर चित्र काढलं की गिऱ्हाईक मागची लिखाई बघून चित्रच जुनं समजतं. एरवी या कामाचा कागद म्हणजे वसली, तीन-चार कागद लेईने एकावर एक चिकटवून, लेईत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून, वाळला की हकीकच्या दगडाने घोटून घोटून काचेसारखा केलेला. आमच्या उस्तादांकडे पहिले चार महिने मी फक्त घुटाई केली, मनगट सुजायचं.

आता तुमचा खरा प्रश्न, म्हणजे मग हे टुरिस्ट माल आहे का. माझं उत्तर अर्धं हो आणि अर्धं ठाम नाही.

बाई बघा. चेहरा खाक्यावरून उतरवलाय. खाका म्हणजे रेषांवर सुईने भोकं पाडलेला ट्रेसिंगचा कागद, वरून कोळशाची पूड झटकायची की खाली ठिपके उमटतात. पहिल्या फोटोत जबड्याची रेघ एकसारख्या जाडीची आहे, कुठे दाबली नाही कुठे उचलली नाही. कानशिलाजवळ केस सुरू होतात तिथे चांगला चितारी परदाज करतो, म्हणजे एका केसाच्या ब्रशने इतक्या बारीक रेघा आणि ठिपके की त्वचा संपून केस कधी सुरू झाले ते कळू नये. इथे सरळ काळी कड मारून मोकळा झालाय. बोटं पाचही सारखी, तारेवर टेकलेलीच नाहीत. हे रोज दोन चेहरे उतरवणाऱ्या हाताचं काम आहे. बॉर्डरही तशीच.

आणि आता डावीकडची, तळ्याजवळची हरणी बघा. पाचवा फोटो.

हा हात वेगळा आहे. पोटाखाली पांढऱ्यातून बदामी रंगात जाताना जो परदाज आहे तो मी स्वतः आज काढू शकणार नाही, प्रामाणिकपणे सांगते. पाठीची रेघ मानेपाशी जाड होते, खांद्यावर विरते, परत कमरेवर येते, ब्रश एकदाही उचललेला नाही, याला खुलाई म्हणतात आणि सगळ्या चित्राचा प्राण त्यात असतो. कान बघा. बाकीच्या तीन हरणांचे दोन्ही कान पुढे, खाक्यात असतात तसे. हिचं तोंड पाण्याकडे आहे, डोळा पाण्याकडे आहे आणि एक कान मागे वळलाय वीणेकडे. पाणी पिता पिता ऐकतेय ती. हे कुठल्या खाक्यात नसतं, ज्याने हरीण पाणवठ्यावर बघितलंय तोच काढेल. कानाचा आतला गुलाबी रंग आणि त्यात चार केस, लूपशिवाय दिसतही नाहीत, आणि तरी काढलेत.

कारखान्यात काम वाटलेलं असतं, एक जण चेहरे, एक जण झाडी, पोरं बॉर्डर भरतात. अकबराच्या चित्रशाळेतही आखणी एकाची, रंग दुसऱ्याचे, चेहरे तिसऱ्याचे अशी विभागणी असायची. तुमच्या चित्रात कुणीतरी म्हातारा किंवा फार हुशार तरुण हात त्या एका हरणीवर बसलेला आहे. झाडीतली केळीची पानंही त्याचीच असावीत, शिरा मोजा.

रावसाहेब_के

माफ करा, पण सरळ शब्दात सांगायचं तर हे बनावट चित्र आहे ना? जुना कागद घेऊन जुनी शैली नक्कल करून जुनं म्हणून विकलं. हरणी चांगली काढली म्हणून फसवणूक कमी होत नाही. त्या मावशींनी १९८७ मध्ये साडेआठशे रुपये दिले, ती रक्कम मोठी होती.

हिंगूळ

फसवणूक झालीच, त्यात शंका नाही, आणि त्याबद्दल मला तुमच्याइतकाच राग आहे. पण ती दुकानदाराने केली. चिताऱ्याने चित्रावर खोटं नाव टाकलेलं नाही, खोटी तारीख नाही. त्याला दिवसाची मजुरी मिळाली आणि कागद मालकाने दिला.

आणि नक्कल हा शब्द या परंपरेला मी लावणार नाही. हे चित्र बुंदी शैलीतलं आहे, उदयपूरच्या दुकानात सगळ्या शैली मिळतात. बुंदीची रागमाला, म्हणजे राग-रागिण्यांच्या चित्रांचा संच, कुठून आली बघा. १५९१ साली बनारसजवळ चुनारला एक रागमाला रंगवली गेली, रंगवणारे अकबराच्या चित्रशाळेत मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद यांच्या हाताखाली तयार झालेले. ती बुंदीच्या राजघराण्याकडे आली आणि पुढे पिढ्यानपिढ्या बुंदीचे चितारी त्याच मांडणीवरून रागमाला काढत राहिले. बाई तिथेच, वीणा तशीच, हरणं तिथेच. खाके बापाकडून मुलाकडे यायचे, घरातली खरी इस्टेट तीच. तेव्हा १७५० चं चित्रही त्या अर्थाने उतरवलेलंच आहे. मग बघायचं काय तर त्या ठरलेल्या जागेत या हाताने काय केलं. गाण्यात नाही का, बंदिश तीच, पण कोण गातंय ते बघतो आपण.

भूपाळी

हे अगदी पटलं. एक भर घालते, रागमालेतली तोडी आणि आज आपण गातो ती मियाँकी तोडी यांचा स्वरांनी काही संबंध लावायला जाऊ नये. चितारी रागाच्या ध्यानाचे श्लोक-दोहे समोर ठेवून काढायचे, सूर नाही. सहा राग, प्रत्येकाच्या पाच रागिणी, असा छत्तीस चित्रांचा संच असायचा. तोडी म्हणजे विरहिणी, रानात एकटी वाजवतेय आणि हरणं ओढली जातात. मात्र कोमल गंधार लावून बसलं की ते हरीण डोळ्यासमोर येतंच, माझ्या गुरू वर्गात मुद्दाम हे चित्र दाखवायच्या.

सांजसावली

भूपाळी, मावशी पण सकाळी तोडीच गायची बहुतेक वेळा. आणि चित्र अशा ठिकाणी लावलं होतं की तंबोरा घेऊन बसल्यावर समोर येईल. हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं.

जेजेतला

छान धागा. लघुचित्रांचं हे पुनरुज्जीवन फक्त राजस्थानच्या बाजारात झालं असं नाही, म्हणून लिहितो. अवनींद्रनाथ टागोरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुघल चित्रांकडे बघूनच शाहजहानचे अखेरचे क्षण रंगवले. आपल्या मुंबईत जे. जे. मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन संचालक असताना भारतीय पद्धतीच्या चित्रकलेचा वर्ग होता आणि तो वर्षानुवर्षं जगन्नाथ अहिवासींनी चालवला. ते मूळचे ब्रजकडचे, लघुचित्रांची रेषा त्यांनी मुंबईच्या पोरांना शिकवली. गोव्याचे लक्ष्मण पै त्यांच्याच तालमीतले, पैंच्या सुरुवातीच्या चित्रांतली रेघ बघा, कुठून आली ते कळतं. आमच्या वेळेपर्यंत या वर्गाला मागासलेला समजायची फॅशन आली होती, मीही तेव्हा तिकडे फिरकलो नाही आणि आज त्याचं फार वाईट वाटतं.

हिंगूळ

दादा, फार बरं झालं लिहिलंत. राजस्थानात शांतिनिकेतनहून शिकून आलेले कृपालसिंह शेखावत, जयपूरचे वेदपाल शर्मा ज्यांना सगळे बन्नूजी म्हणायचे, चंब्याला विजय शर्मा, अशी माणसं होती म्हणून हात टिकला. विजय शर्मांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. तिकडे लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये वसली-घुटाईपासून रीतसर शिकवतात आणि चित्रकार शाहझिया सिकंदर त्यातूनच पुढे आली. नव्या लघुचित्राला नवं म्हणून मान मिळू शकतो, जुनं असल्याचं सोंग करायची गरज नाही.

रावसाहेब_के

ठीक, चिताऱ्याबद्दल मी बोललो ते मागे घेतो. पण मग किंमत काय? त्या ताईंनी तेच विचारलंय.

हिंगूळ

जुनं म्हणून किंमत शून्य, आणि कोणी डीलर तसं म्हणाला तर तो तेवढ्यापुरता बरोबर आहे. नाव नाही, त्यामुळे लिलावात कोणी उभं करणार नाही. राहिलं काम. असं चित्र आज त्या दर्जाच्या हाताकडून करून घ्यायचं तर मी कशी मोजते ते सांगते. हरणी आणि केळीची झाडी मिळून माझ्या अंदाजाने दहा-बारा दिवस, बाकी सगळं चार दिवस, वर सोनं. चांगल्या हाताची रोजची कमाई जेवढी धराल त्याने गुणा. मी शिकवायला म्हणून विकत घेतलं असतं तर पंधरा-वीस हजार आनंदाने दिले असते, आणि सगळे त्या एका हरणीचे. चेहरा हरणीसारखा असता तर आकडा कितीतरी पुढे गेला असता. डीलरने हातातच घेतलं नाही, मग त्याला दिसणार कशी. या कामात चित्र टेबलावर ठेवून बघत नाहीत, हातात घेऊन, नाकाशी आणून, खिडकीकडे तिरकं करून बघतात, ती बनवलीच जातात तशी बघायला.

रानवारा

यूव्ही लाईट मारून बघितलं तर रंगांचं वय कळतं असं ऐकलंय, नोटा तपासायचा दिवा असतो त्याने होईल का?

हिंगूळ

करून बघा, अपाय नाही, पण एकट्या त्यावर निकाल देऊ नका. जस्ताचा सफेदा पिवळट हिरवा चमकतो, टायटॅनियमचा चमकत नाही, काळपट दिसतो. टायटॅनियम सफेदा रंगाच्या बाजारात आला तोच १९२० च्या सुमारास, त्यामुळे तो सापडला तर चित्र त्याच्या आधीचं नाही इतकं कळतं. पण नंतर डागडुजी केलेल्या जुन्या चित्रावरही तो सापडतो. घडी आणि भोक जास्त बोलतात.

दौत_बोरू

मला एक गोष्ट सलते आहे आणि ती बोलून टाकतो. चित्राचं सगळं मान्य, हरणी मीही मोठी करून बघितली, अप्रतिम. पण त्या पानाचं काय? एक वही फाडली तेव्हा एका गावाच्या एका वर्षाचा हिशोब गेला. कला-इतिहासकार बी. एन. गोस्वामींनी पहाडी, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याकडच्या, चिताऱ्यांची घराणी शोधली ती कशावरून, हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या नोंदी ठेवणाऱ्या तीर्थोपाध्यांच्या, बह्यांवरून. नैनसुख, त्याचा भाऊ मनकू, बाप पंडित सेऊ, ही नावं आज आपण घेतो कारण ते गंगेवर गेले आणि पंड्याने बही पुढे केली. नैनसुखाच्या स्वतःच्या हातची नोंद अशा बहीत निघाली. ती बही कोणी रद्दीत घालून तिच्यावर राधाकृष्ण रंगवले असते तर? चितारीच चिताऱ्याचं नाव पुसतो आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसतं, पण होतं ते हेच.

हिंगूळ

काका, यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी शिकत होते तेव्हा माझ्याही हातात अशी पानं दिली गेली आणि मी दोन चित्रं केली त्यावर. नंतर एकदा उस्तादांच्या आईने एक पान वाचून दाखवलं, एका मुलीच्या सासरी पाठवलेल्या सामानाची यादी होती. त्यानंतर मी फक्त सांगानेरी, म्हणजे नव्या हातकागदावर करते. माझ्या विद्यार्थ्यांनाही हेच सांगते.

दूरदेशी

ताई, भावाला न्यू जर्सीला पाठवणार असाल तर थांबा. मी चार वर्षांपूर्वी असंच एक नवं चित्र सामानात घेऊन निघालो होतो, विमानतळावर अडवलं, मागे जुनी लिखाई होती म्हणून. बिल जवळ नव्हतं, चित्र भावाच्या हाती परत पाठवून विमान गाठलं. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांवरची कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला मर्यादा पंच्याहत्तर वर्षांचीच आहे. चित्र नवं असलं तरी ते तपासणाऱ्याला कसं कळणार. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ही पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र घेता येतं, ते आधी घ्या. तुमच्या पानावर तर संवत १९६८ स्वच्छ लिहिलंय, तेव्हा अर्जात दोन्ही बाजूंचे फोटो लावा आणि कागदाचं वय स्वतःहून सांगा.

सांजसावली

बापरे, हे माहीतच नव्हतं. भावाशी काल बोलले, धागा पण वाचायला दिला. तो म्हणाला तुझ्याकडेच राहू दे, मी आलो की बघेन, मला फक्त हरणीचा मोठा फोटो पाठव. मलाही तेच हवं होतं, पण म्हणवत नव्हतं.

आता फ्रेमवाला गुरुवारी येणार आहे. कशी करू? मागची बाजू पण दिसावी असं फार वाटतंय.

हिंगूळ

काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाड पट्टी हवी, नाहीतर दमट हवेत रंग काचेला चिकटतो. माउंट आणि मागचा पुठ्ठा दोन्ही अ‍ॅसिड-फ्री मागा, प्लायवूड किंवा हार्डबोर्ड लावू देऊ नका, त्यातूनच कागद तपकिरी होतो. सेलोटेप आणि फेव्हिकॉल अजिबात नाही, वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या लेईने. फ्रेमवाला म्हणेल लॅमिनेट करून देतो, ठाम नाही म्हणा. दोन्ही बाजूंनी काच करता येते पण मग भिंतीवर नाही, कपाटात उभं ठेवावं लागेल. ऊन नको, बाहेरची भिंतही नको, सांगलीच्या पावसात ती ओल ओढते. बुरशी पूर्ण वाळली की मऊ कोरड्या ब्रशने फक्त मागून झटका, नाकाला फडकं बांधून.

आणि मुंबईला आलात की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांच्या दालनात एक सकाळ घालवा, लूप घेऊन या. मी येईन बरोबर. बुंदीची जुनी झाडी बघा आणि मग घरी येऊन तुमची केळी बघा.

सांजसावली

नक्की येणार ताई. दोन काचांची फ्रेम करायचं ठरवलंय, तंबोऱ्याशेजारच्या कपाटात राहील. चेहऱ्याचं तुम्ही म्हणालात ते आता मलाही दिसतं, थोडं वाईट वाटलं. पण मुलीला मी काही न सांगता लूप दिली तर ती पाच मिनिटांनी म्हणाली, आई हिचा कान बघ, ही ऐकतेय.

काका, फ्रेम बंद व्हायच्या आधी मागच्या बाजूचे मोठे फोटो काढून ठेवलेत, एकेका रकान्याचा वेगळा. जमेल तेवढं वाचाल का? घाई नाही.

दौत_बोरू

वाचलं. बिकानेरकडच्या एका स्नेह्यांना फोनवर विचारून विचारून केलं, तरी निम्मंच लागलंय. मात्रा नसल्यामुळे काही शब्दांचे दोन अर्थ होतात, ते सोडून दिले.

डावा रकाना जमेचा, त्यात दोन ठिकाणी तिळाचे पैसे आलेत. उजवीकडे खर्च. तूप, गूळ, मीठ. उंटाचं भाडं दोनदा. कापडाचा एक तागा. मग एक ओळ भोकामुळे गेली आहे, नुसता सुरुवातीचा क आणि शेवटी सव्वा रुपया राहिलाय. त्याखाली परत गूळ, या वेळी जास्त, आणि तूपही जास्त, तेव्हा घरात काही कार्य असावं असं आमचे स्नेही म्हणतात. शेवटची बेरीज बरोबर आहे, मी दोनदा करून पाहिली, गेलेल्या ओळीचा सव्वा रुपया धरला तरच जुळते.

पूर्ण वाचन टाईप करून तुम्हाला मेसेज केलंय. एक प्रिंट काढून फ्रेमच्या मागे ठेवा.

सांजसावली

ठेवते काका. आजच काढते.